थंडीचा कडाका, गोठणारे दव आणि बागेचे संरक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. मग बाग गोठण्याची भीती कशासाठी?

आकाशातून पडणारा बर्फ आपल्याकडे नाही, हे खरे. पानावर जमलेले दव मात्र गोठते आणि पिकाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे असते. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याचा परिसर, सातपुड्यातील तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाब या ठिकाणी गवतावर व वाहनांच्या टपावर पांढरा थर जमल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत येतात. सपाटीवर निफाडचे नाव सर्वांना माहीत आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथे पारा २ अंशांच्याही खाली गेला होता आणि त्याच लाटेत २९ डिसेंबरला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती.

थंडीने होणारे नुकसान दोन प्रकारचे असते आणि त्यांत गल्लत केली की उपायही चुकतो. पहिला प्रकार खऱ्या गोठण्याचा. पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फाचे स्फटिक तयार होतात, ते पेशींमधले पाणी ओढून घेतात आणि पेशी वाळून मरतात. असे पान सकाळी उकडलेल्या भाजीसारखे मऊ व काळपट दिसते आणि दुपारपर्यंत करपते. दुसरा प्रकार शीतबाधेचा. केळी, पपई, नागवेल अशा उष्ण प्रदेशातील वनस्पतींना शून्याच्या बऱ्याच वर, ८-१० अंशांतही, इजा होते. आपल्याकडील बहुतेक नुकसान या दुसऱ्या प्रकारातले असते. पांढरा थर दिसला नाही म्हणून बाग वाचली असे समजणे त्यामुळेच धोक्याचे आहे.

वर्तमानपत्रात किमान तापमान ५ अंश छापलेले असते. मग दव गोठते कसे?

हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. तो हवेचे तापमान मोजतो. पानाचे किंवा जमिनीलगतचे नव्हे. निरभ्र रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत राहतात. वारा नसेल तर वरची उबदार हवा खाली मिसळत नाही, आणि गवताच्या पात्याजवळचे तापमान पेटीतल्या आकड्यापेक्षा ३-४ अंशांनी, कधी त्याहूनही अधिक, कमी असू शकते. महाबळेश्वरच्या वेधशाळेत ६-७ अंश नोंदलेले असताना वेण्णा तलावाकाठी दव गोठलेले दिसते, त्यात कोणतीही अतिशयोक्ती नसते. तलावाचा भाग खोलगट आहे आणि थंड हवा जड असल्याने पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन तेथे साचते.

यावरून निघणारा व्यवहार असा की रात्रीचे सर्वांत कमी तापमान नोंदवून ठेवणारा ‘किमान तापमापक’ एकदा विकत घ्यावा आणि तो घराच्या भिंतीला न लावता बागेतल्या सर्वांत सखल कोपऱ्यात, पिकाच्या उंचीवर टांगावा. एका हिवाळ्यातल्या २०-२५ नोंदी जवळच्या केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या, की आपले शेत त्या केंद्रापेक्षा किती अंशांनी थंड असते ते कळते. हा फरक हाती आला की पुढच्या वर्षी अंदाज वाचताना त्याचा खरा उपयोग होतो.

धोक्याची रात्र आदल्या संध्याकाळी ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली) पुढे सरकला, ढग निघून गेले आणि उत्तरेकडून कोरडे वारे येऊ लागले, की पुढच्या दोन-तीन रात्रींकडे लक्ष द्यावे. संध्याकाळी आकाश स्वच्छ आहे, वारा पडला आहे, हवा कोरडी आहे आणि सूर्यास्तानंतर तासाभरातच गारठा बोचू लागला आहे, अशा चारही गोष्टी जुळल्या तर रात्र वाईट जाणार हे जवळजवळ निश्चित. कोरडेपणाचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हवेत बाष्प असेल तर दव पडते, दव पडताना उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची घसरण मंदावते. बाष्पच नसेल तर हा आधार मिळत नाही आणि पांढरा थर न दिसताही कोवळे शेंडे काळे पडतात. ढगाळ किंवा वाऱ्याची रात्र अंगाला कितीही झोंबली तरी पिकासाठी तुलनेने सुरक्षित असते.

भारतीय हवामान विभागाच्या जिल्हावार कृषी सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात आणि ‘मेघदूत’ या मोबाइल ॲपवरही त्या वाचता येतात. तापमान सर्वांत खाली जाते ते मध्यरात्री नव्हे, तर सूर्योदयाच्या आसपास. पण बंदोबस्ताची वेळ आदल्या संध्याकाळचीच असते. पहाटे पाचला जाग आल्यावर करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

पाणी दिल्याने बाग खरोखर वाचते का, आणि ते कधी द्यावे?

वाचते; पण त्यामागचे कारण समजून घेतले तर वेळ आणि प्रमाण आपोआप ठरते. जमीन दिवसा तापते आणि रात्री तीच उष्णता हळूहळू परत देते. कोरड्या, भुसभुशीत मातीत हवा भरलेली असल्याने दिवसाची उष्णता खोल जात नाही आणि रात्री खालची उष्णता वर येत नाही. ओल्या, दबलेल्या मातीत दोन्ही गोष्टी घडतात. त्यामुळे सर्वांत उपयोगी पाणी थंडीची लाट येण्याच्या एक-दोन दिवस आधी, दिवसा दिलेले, वरचा वीतभर थर ओला करणारे असते. त्याच सुमारास वखरणी किंवा खुरपणी करून माती मोकळी करणे टाळावे. बांधावरचे व ओळींमधले दाट गवत मात्र आधीच कापून घ्यावे, कारण ते जमिनीवर गोधडी घातल्यासारखे काम करते आणि खालची ऊब वर येऊ देत नाही.

दुसरा मार्ग पहाटेच्या पाण्याचा. दख्खनच्या पठारावरील विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी हिवाळ्यातही साधारण २४-२५ अंशांचे असते. असे १ लिटर पाणी ५ अंशांपर्यंत निवताना सुमारे २० किलोकॅलरी उष्णता देते. ठिबकमधून पडणारे पाणी थोडे असल्याने त्याचा परिणाम बुंध्याभोवती मर्यादित राहतो, तर पाटाने किंवा सरीतून दिलेले पाणी अधिक पृष्ठभाग व्यापत असल्याने अधिक ऊब देते. शेततळ्याचे उघडे पाणी मात्र रात्रभर स्वतःच निवलेले असते. विहिरीच्या पाण्याइतकी अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

‘पहाटे पाणी द्यावे’ असे लिहिणे सोपे आहे, याची येथे कबुली दिली पाहिजे. कृषिपंपाला वीज कोणत्या पाळीत मिळणार हे शेतकऱ्याच्या हाती नसते, आणि निफाड, सिन्नर, जुन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने रात्री एकट्याने शेतात जाणे शहाणपणाचे नाही. ज्यांना पहाटे पाणी देणे शक्य नाही त्यांनी ते दिवसा देऊन जमीन ओली ठेवावी. बहुतांश लाभ त्यातच मिळतो.

तुषार सिंचन रात्रभर चालू ठेवून पिकावर बर्फ जमू दिला तर पीक वाचते, हे खरे आहे का?

थंड देशांतील फळबागांमध्ये ही पद्धत रूढ आहे आणि तिचे शास्त्र पक्के आहे. १ लिटर पाणी गोठताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकते. म्हणून पानावर सतत नवे पाणी गोठत राहिले तर पान शून्य अंशाच्या जवळपास टिकून राहते आणि त्याखाली जात नाही. पण याला एक बोचरी अट आहे. १ लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ ६०० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते, म्हणजे गोठण्यातून मिळणाऱ्या उष्णतेच्या सातपट. पाणी अपुरे पडले, मध्येच वीज गेली किंवा वारा सुटला तर ओले पान कोरड्या पानापेक्षाही थंड होते. सकाळी बर्फ वितळून पडेपर्यंत पंप थांबवता येत नाही. आपल्याकडील वीजपुरवठा पाहता हा प्रयोग सुरू करून अर्धवट सोडण्यापेक्षा मुळीच न केलेला बरा. शिवाय द्राक्षासारख्या पिकात पाने रात्रभर ओली ठेवणे म्हणजे रोगाला आमंत्रण आहे.

शेकोट्या पेटवाव्यात का? धुराने थंडी अडते का?

धुराचे पांघरूण उष्णता अडवते ही समजूत फार जुनी आहे, पण जमिनीतून निघणारी उष्णतेची किरणे अडवण्याच्या कामी धुराचे कण फार बारीक असल्याने कुचकामी ठरतात. जो काही उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा. ओला पालापाचोळा जाळून भरपूर धूर करणे म्हणूनच व्यर्थ आहे, आणि सकाळी तोच धूर ऊन अडवून बाग तापण्यास उशीर करतो.

उष्णतेसाठी शेकोट्या करायच्याच असतील तर त्या लहान आणि पुष्कळ असाव्यात. एकच मोठी आगटी पेटवली तर तिचा झोत वरच्या उबदार हवेचा थर भेदून निघून जातो आणि त्याच्या जागी आजूबाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत ठिकठिकाणी लहान शेकोट्या पेटवण्याची जी रीत आहे, ती या दृष्टीने योग्य आहे. तथापि मांडवाखालील वाळलेली पाने, ठिबकच्या नळ्या आणि प्लॅस्टिकचे कापड यांचे भान ठेवावे. टायर जाळण्याचे तर कोणत्याही कारणाने समर्थन होऊ शकत नाही.

उसाचे पाचट किंवा भुसा आच्छादन म्हणून पसरल्यास थंडीपासून संरक्षण मिळते ना?

मुळांना मिळते, शेंड्यांना मिळत नाही. पाचटाखालची माती उबदार राहते ती तिची उष्णता वर जाऊ न दिल्यामुळेच. साहजिकच पाचटाच्या वरची हवा उघड्या ओल्या जमिनीवरील हवेपेक्षा अधिक थंड होते. मोठ्या झाडांना याने फरक पडत नाही, पण जमिनीलगतच्या कोवळ्या पिकात फुले गोठू शकतात. थंडीच्या लाटेपुरते ओळींमधले पाचट बाजूला सारून बुंध्याभोवती ठेवणे हा मधला मार्ग आहे.

द्राक्षबागेत नेमके काय बिघडते?

गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, ज्यांनी ऑक्टोबरच्या पुढे लांबवली, त्यांची बाग ऐन थंडीत मण्यांच्या वाढीच्या अवस्थेत असते. जमीन गार झाली की पांढऱ्या मुळांचे काम मंदावते, दिलेले खत उचलले जात नाही, फुगवण थांबते आणि शेतकरी घाबरून खताची व संजीवकांची (वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांची) मात्रा वाढवतो. ती वाढवू नये; मूळ काम करत नसताना दिलेले खत तसेच पडून राहते. या दिवसांत पाणी थोडे थोडे विभागून द्यावे. वाढत्या थंडीत ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी दिल्यास मणी तडकतात.

मण्यांत पाणी उतरण्याच्या, म्हणजे ते पिकून मऊ पडू लागण्याच्या, सुमारास रात्रीचे तापमान फार घसरले आणि दुपार उबदार राहिली, तर थॉमसन सीडलेस व तास-ए-गणेश यांसारख्या पांढऱ्या जातींत मणी गुलाबी होतात. चवीत फरक नसला तरी निर्यातीत असा घड मागे पडतो. पाणी उतरण्यापूर्वीच घड कागदाने झाकणे हा यावरचा प्रचलित उपाय आहे. रंग दिसू लागल्यावर कागद बांधण्याचा उपयोग होत नाही. बागेच्या उत्तर व पूर्व बाजूंना शेडनेट लावल्याने गार वाऱ्याचा थेट मारा कमी होतो. याच हवेत भुरी हा बुरशीजन्य रोगही वाढतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होऊ नये. जात व अवस्थेनुसार सल्ला हवा असल्यास पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची मार्गदर्शक माहिती पाहावी.

जळगावकडच्या केळीबागेसाठी काय करावे?

केळीला १० अंशांच्या आसपासची रात्र सलग आठवडाभर लाभली की नवे पान निघणे जवळजवळ थांबते आणि आहे ती पाने पिवळी पडून कडेने करपतात. सर्वांत महाग पडणारे नुकसान निसवणीच्या वेळचे असते. खोडातून घड बाहेर पडण्याची वेळ आणि कडाका एकत्र आले, तर पानांच्या देठांचा झुबका घट्ट होऊन घड अडकतो आणि वाकडातिकडा, आखूड निघतो. मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेची) निसवण कोणत्या महिन्यात येईल हे लागवडीच्या तारखेवर ठरत असल्याने, घड अडकण्यावरचा खरा उपाय आदल्या पावसाळ्यात, लागवडीचा दिवस निवडतानाच करायचा असतो.

बागेभोवती, विशेषतः उत्तरेला, शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ असावी. ती नसेल तर हिरवे शेडनेट बांधावे. पण बाग उतारावर असेल तर सर्वांत खालच्या बाजूचे कुंपण थोडे विरळ ठेवावे, अन्यथा वरून वाहत आलेली थंड हवा धरणात अडावी तशी बागेतच साचते. निसवलेल्या घडांवर स्कर्टिंग बॅगा (घड झाकणाऱ्या पिशव्या) घालाव्यात. १३ अंशांखाली फळाच्या सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि पिकल्यावर केळ्याला तेजदार पिवळा रंग येत नाही, त्यामुळे कापणीस आलेला माल थंडीत बागेत ताटकळत ठेवू नये. करपलेली पाने हिरवा भाग शिल्लक असेपर्यंत झाडावरच राहू द्यावीत, कारण तीच घडावरचे छप्पर असतात. फक्त करपा रोगाचे ठिपके असलेला भाग कापावा.

स्ट्रॉबेरीची फुले मधोमध काळी का पडतात?

तो गोठण्याचा स्पष्ट पुरावा आहे. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात, पण ज्यापासून फळ होते तो मधला भाग मरतो, आणि त्या फुलाला फळ धरत नाही किंवा वेडेवाकडे धरते. पानांखाली झाकलेल्या कळ्या बहुधा वाचतात, म्हणून एका रात्रीच्या नुकसानीवरून हंगाम गेला असे मानू नये. महाबळेश्वर-पाचगणी भागात गादीवाफ्यांवर तारेच्या कमानी रोवून त्यांवर पांढरे, न विणलेले क्रॉप कव्हर संध्याकाळी ऊन असतानाच ओढावे, कडा मातीने दाबाव्यात आणि ऊन वर आल्यावर ते काढावे, म्हणजे मधमाश्यांना फुलांपर्यंत पोहोचता येते.

गच्चीवरील किंवा बाल्कनीतील कुंड्यांचे काय?

स्लॅबखालच्या बाल्कनीतल्या कुंडीला आकाश थेट दिसत नाही, हेच तिचे मोठे संरक्षण आहे. गच्चीवरची तुळस करपते आणि दारातली टिकते याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. थंडीच्या आठवड्यात गच्चीवरच्या नाजूक कुंड्या भिंतीलगत, शक्यतो दुपारचे ऊन खाल्लेल्या पश्चिमेच्या भिंतीशी, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. तुळस, नागवेल, अँथुरियम, मनीप्लांट यांची काळजी घ्यावी लागते. शेवंती, गुलाब, पिटुनिया, पॅन्सी यांना आपल्याकडील थंडी मानवते.

झाकण्यासाठी जुनी सुती साडी, चादर किंवा गोणपाट उत्तम. कापड काठ्यांवर तंबूसारखे टाकून जमिनीपर्यंत सोडावे. बाहुलीला पदर बांधावा तसे ते खोडाभोवती गुंडाळून बांधले तर जमिनीतून येणारी ऊब बाहेरच राहते आणि कापडाचा मूळ हेतूच फसतो. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नये. शेतातल्या ओल्या जमिनीचा नियम कुंडीला मात्र लागू करू नये. थंडीत कुंडीतले पाणी लवकर सुकत नाही आणि जास्त पाण्याने मुळे कुजतात. बोटाचे पेर खोचून माती कोरडी लागली तरच सकाळी पाणी घालावे.

आम्ही अमेरिकेत राहतो. कढीपत्त्याचे झाड दर हिवाळ्यात मरते.

कढीपत्ता जमिनीत लावला असेल तर न्यू जर्सीसारख्या ठिकाणी कोणतेही पांघरूण त्याला वाचवू शकणार नाही. तो कुंडीतच हवा. रात्रीचे तापमान १० अंशांकडे उतरू लागताच कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीशी आणावी, पाणी निम्म्यावर आणावे आणि खत बंद करावे. पाने गळाली तरी झाड मेले असे समजून जास्त पाणी घालू नये. बहुतेक झाडे त्या पाण्यानेच मरतात. हिमतुषाराचा धोका टळेपर्यंत, म्हणजे मे महिन्यापर्यंत, थांबून मग आठवडाभर सावलीत ठेवून हळूहळू उन्हात न्यावे.

थंडीपासून वाचवणारी एखादी फवारणी आहे का?

बाटलीवर काहीही छापलेले असले तरी, गोठत्या रात्री उघड्या पानाला वाचवील असे औषध उपलब्ध नाही. पालाशाची उणीव असलेली झाडे थंडीला लवकर बळी पडतात, म्हणून पालाश वेळेवर द्यावे आणि डिसेंबर-जानेवारीत नत्र देऊन कोवळी फूट काढू नये, एवढे मात्र खरे. राजस्थान व मध्य प्रदेशातील सल्ल्यांमध्ये ०.१ टक्का गंधकाम्लाची फवारणी सुचवलेली आढळते. तीव्र आम्ल हाताळण्याचा धोका आणि मात्रा चुकल्यास होणारी जळ पाहता, कृषी विद्यापीठाच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाशिवाय फळबागेत ती करू नये.

सकाळी बाग गोठलेली दिसली तर काय करावे?

पानांना हात लावू नये, फांद्या हलवू नयेत आणि कोमट पाणी तर अजिबात शिंपडू नये. करपलेला भाग लगेच छाटण्याचा मोहही आवरावा. मेलेला भाग आणि जिवंत भाग यांची सीमा दोन-तीन आठवड्यांनी नवे डोळे फुगल्यावरच दिसते. घाईत छाटणी केली तर जिवंत लाकूड जाते आणि निघालेली कोवळी फूट पुढच्या लाटेत सापडते. दरम्यान हलके पाणी चालू ठेवावे.

विम्याची भरपाई मिळते का?

पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळीसारख्या पिकांना कमी तापमानाचे संरक्षण आहे. अट अशी की ठरलेल्या कालावधीत तापमान सलग ठरावीक दिवस ठरलेल्या मर्यादेपर्यंत उतरले पाहिजे, आणि ते महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्रावर उतरले पाहिजे. तुमच्या बागेत काय झाले याचा पंचनामा त्यासाठी होत नाही. नेमकी मर्यादा, दिवस आणि रक्कम शासन निर्णयानुसार बदलते, म्हणून हप्ता भरण्यापूर्वी त्या वर्षाचा निर्णय वाचावा.

याउलट, थंडीची लाट किंवा गोठलेले दव यांमुळे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले असेल तर आपत्ती निवारणाच्या निकषांनुसार शासकीय मदतीचा मार्ग वेगळा आहे आणि त्यासाठी पंचनामा लागतो. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) व सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांना तत्काळ लेखी कळवावे, आणि करपलेल्या झाडांची छायाचित्रे त्याच दिवशी, गट क्रमांक ओळखता येईल अशा रीतीने काढून ठेवावीत. येथेच किमान तापमापकाची वही पुन्हा कामी येते. विम्याचा दावा तिच्यावर ठरत नाही, पण संदर्भ केंद्र आपल्या खोलगट शेतापेक्षा सातत्याने उबदार असते हे ग्रामसभेत किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांपुढे मांडायचे असेल, तर दोन-तीन हिवाळ्यांच्या तारीखवार नोंदींवाचून ते मांडता येत नाही.